रॅम बिघडलीय की दुसरंच काही? मशीन चालू ठेवून तपासायची रीत

तक्रार साधारण अशी असते. मशीन दोन दिवस नीट चालतं, तिसऱ्या दिवशी ब्राउझरचा टॅब आपोआप कोसळतो. मोठी झिप उघडताना सीआरसी (फाइल शाबूत आहे का ते ताडायचा आकडा) जुळत नाही असा संदेश येतो, आणि तीच झिप मशीन रीस्टार्ट केल्यावर बिनतक्रार उघडते. कोड कंपाइल करताना कंपायलरच सेगमेंटेशन फॉल्ट देऊन मरतो, तोही दर वेळी वेगळ्या फाइलवर. विंडोजवर निळा पडदा येतो, पण त्यावरचं कारण बदलत राहतं: आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, परवा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. दुकानात 'फॉरमॅट मारून बघू' म्हणतात, विंडोज नव्याने पडतं, आठवडाभर बरं चालतं आणि मग पुन्हा तेच.

चूक दर वेळी एकाच प्रोग्रॅममध्ये, एकाच कृतीवर येत असेल तर आधी ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर बघा. चूक जागा बदलत असेल, कधी इथे कधी तिथे, तर रॅमवर संशय घ्यायला हरकत नाही. कारण सरळ आहे. खराब जागा रॅममध्ये एकाच ठिकाणी असली, तरी ऑपरेटिंग सिस्टिम तिथे आज ब्राउझर ठेवते, उद्या कर्नलचा, म्हणजे स्वतःच्या गाभ्याचा, एखादा तक्ता, परवा डिस्कवरून वाचलेल्या फाइलचा तुकडा. जो तिथे बसेल तो मरतो.

नेहमीचा सल्ला पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम बूट करून रात्रभर चालवायचा. तो चुकीचा नाही. पण सर्व्हर रात्रभर बंद ठेवता येत नाही, लॅपटॉप ऑफिसचा असेल तर बायोसला पासवर्ड असतो, आणि काही दोष त्या चाचणीत दिसतच नाहीत. तिथे ग्राफिक्स कार्ड निवांत असतं, डिस्क आणि नेटवर्कची ये-जा शून्य असते, एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) ताण नसतो. खरं काम चालू असतानाचं चित्र वेगळं. म्हणून सिस्टिम चालू असताना घेतलेल्या चाचणीला स्वतःची किंमत आहे. फक्त तिचा निकाल एकाच बाजूने पक्का असतो: चूक सापडली तर हार्डवेअरमध्ये दोष नक्की आहे, नाही सापडली तर रॅम चांगली आहे असं म्हणता येत नाही. चालू सिस्टिममध्ये कर्नल आणि इतर प्रोग्रॅम ज्या जागेवर बसलेत ती जागा चाचणीला मिळतच नाही, आणि दोष नेमका त्यांच्या बुडाखाली असू शकतो.

आणखी एक. सापडलेल्या चुकीची संख्या महत्त्वाची नाही. 'आठ तासांत एकच एरर आली, चालेल' असं काही नसतं. मान्य आकडा शून्य.

हात लावण्याआधी

रॅमवर संशय असताना डिस्क दुरुस्त करायला जाऊ नका. एफएसचेक, चेकडिस्क, डिफ्रॅग, विंडोज अपडेट, पार्टिशन हलवणं, हे सगळं थांबवा. ही साधनं डिस्कवरची माहिती रॅममध्ये आणतात, बदलतात आणि परत लिहितात. मध्ये एक बिट उलटला तर चांगली फाइल सिस्टिम बिघडते, आणि मग दोन आजार होतात. बॅकअप घ्यायचा तर नवीन जागी घ्या, जुन्या चांगल्या बॅकअपवर लिहू नका.

एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम वाढीव वेगाने चालवायची सेटिंग) चालू आहे का ते बायोसमध्ये बघून नोंदवून ठेवा, बदल मात्र अजून करू नका. आधी चूक पकडायची, मग एकेक गोष्ट बदलायची. सगळं एकदम बदललं तर कशाने बरं झालं ते कळत नाही.

(आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं, पर्यायांची अक्षरं जिथे मोठी सांगितली आहेत तिथे मोठी.)

काहीही इन्स्टॉल न करता होणारी पहिली चाचणी

लिनक्सवर तीन-चार जीबीची एक फाइल घ्या, मोकळ्या रॅमपेक्षा लहान. तिच्यावर शा२५६सम (फाइलच्या मजकुरावरून ताळ्याची बेरीज, म्हणजे चेकसम, काढणारी आज्ञा) लागोपाठ पाच-सहा वेळा चालवा. पहिल्या वेळी फाइल डिस्कवरून येते, नंतर ती रॅममधल्या पेज कॅशमधूनच वाचली जाते. फाइलला कोणी हात लावलेला नसताना दुसरा, तिसरा, चौथा निकाल एकमेकांशी जुळला नाही तर डिस्कचा त्यात संबंध नाही. रॅम, मेमरी कंट्रोलर किंवा प्रोसेसर, यांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय.

दुसरी शक्यता जास्त फसवी असते. सगळे निकाल एकमेकांशी जुळतात, पण मूळ माहीत असलेल्या बेरजेशी जुळत नाहीत. अशा वेळी आधी सिंक करा, मग रूट होऊन प्रॉक, सिस, व्हीएम या वाटेवरच्या ड्रॉप कॅशेस फाइलमध्ये ३ हा आकडा लिहा, म्हणजे कॅश रिकामी होईल, आणि पुन्हा बेरीज काढा. आता बरोबर आली तर डिस्कवरची फाइल शाबूत आहे. तिचं एखादं पान रॅममधल्या खराब जागेवर बसलं होतं, किंवा डिस्कवरून रॅममध्ये येताना बिघडलं होतं. साटा केबल बदलूनही हा प्रकार चालू राहिला तर रॅमचा संशय बळावतो.

मेमटेस्टर

डेबियन, उबुंटू, फेडोरा या लिनक्सच्या भांडारात हे रॅम तपासायचं साधन आहे. 'फ्री -एच' चालवून 'अव्हेलेबल' या रकान्यातला आकडा बघा. 'फ्री' रकाना बघू नका, त्यात कॅश धरलेली नसते. १६ जीबीच्या मशीनवर १३ अव्हेलेबल दिसत असतील तर ११ घ्या, दोन जीबी सिस्टिमला श्वास घ्यायला ठेवा. आज्ञा: 'सुडो मेमटेस्टर ११जी ३'. शेवटचा आकडा फेऱ्यांचा. तो दिला नाही तर चाचणी तुम्ही थांबवेपर्यंत चालते.

सुडो (ॲडमिनचा अधिकार) लागतोच. मेमटेस्टर मिळालेली रॅम एमलॉक करून पकडून ठेवतो, म्हणजे कर्नल ती स्वॅपमध्ये (रॅम कमी पडल्यावर वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) ढकलू शकत नाही. साध्या यूजरला लॉक करण्याची मर्यादा तोकडी असते. लॉक झालं नाही तर तो तक्रार करून तसाच पुढे जातो, आणि मग तुम्ही रॅम तपासताय की स्वॅप, याचा भरवसा राहत नाही. सुरुवातीच्या ओळींत 'लॉक्ड' शब्द दिसला की मगच पुढचं गंभीरपणे घ्या. फार मोठा आकडा दिलात तर ओओएम किलर (रॅम संपली की प्रोग्रॅम बंद पाडणारी कर्नलची सोय) येतो आणि डेटाबेससारखं भलतंच काहीतरी मारतो. सर्व्हरवर हा धोका खराच आहे, त्यामुळे तिथे वापर कमी असलेल्या वेळेत आणि कमी आकड्याने सुरुवात करा.

मेमटेस्टर एकाच थ्रेडवर चालतो, म्हणून सावकाश. एका ११ जीबीच्या प्रतीऐवजी वेगवेगळ्या टर्मिनलमध्ये चार प्रती, प्रत्येकी पावणेतीन जीबी (आकडा एमबीत द्या, २८००एम) अशा चालवल्या तर वेळ वाचतो आणि मेमरी कंट्रोलरवर ताणही जास्त पडतो. मात्र दोन-दोन जीबी घेऊन दहा वेळा पाठोपाठ चालवणं म्हणजे वीस जीबी तपासणं नव्हे. नुकतीच मोकळी झालेली पानं कर्नल पुढच्या मागणाऱ्याला आधी देतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा बरीचशी तीच जागा तपासली जाते.

व्हर्च्युअल मशीनच्या आत चालवून फारसा उपयोग नाही. चूक दिसली तर ती खरी, पण ती यजमान मशीनच्या कुठल्या जागेवर आहे हे आतून कळत नाही. तपासायचं तर यजमानावर.

फेल्युअरची ओळ कशी वाचायची

बहुतेक लोक 'फेल्युअर' शब्द बघून थांबतात. खरी माहिती पुढच्या दोन आकड्यांत असते. समजा चेकरबोर्ड (एकाआड एक ० आणि १ लिहिण्याच्या) चाचणीत असं आलं: एका बाजूला ५५५५५५५५५५५५५५५५, दुसऱ्या बाजूला ५५५५५५५५५५५५५१५५. हे हेक्साडेसिमल आकडे आहेत, प्रत्येक अंक चार बिटांचा. फरक उजवीकडून तिसऱ्या अंकात आहे: ५ म्हणजे ०१०१, १ म्हणजे ०००१. म्हणजे एकच बिट पडलाय, आणि शून्यापासून मोजलं तर तो दहावा.

आता पुढच्या दहा फेल्युअरच्या ओळींत हाच हिशोब करा.

दर वेळी दहावाच बिट, पण ऑफसेट (ओळीत छापलेली जागा) वेगवेगळे असतील तर बिघाड एका सेलमध्ये नाही, त्या बिटाच्या वाटेवर आहे. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी पायांवर जमलेला थर, स्लॉटमध्ये अडकलेला धुळीचा कण, वाकलेली सॉकेटची पिन किंवा पट्टीवरची एक खराब चिप. डीडीआर४ मध्ये डेटाच्या ६४ तारा असतात, नेहमीच्या आठ चिपांच्या पट्टीवर प्रत्येक चिप त्यातल्या आठ सांभाळते, म्हणून एकाच आठाच्या गटातले बिट पडत असतील तर एकाच चिपकडे बोट जातं. डीडीआर५ मध्ये एका पट्टीवर ३२ तारांचे दोन उपचॅनल असतात. तिथे १० आणि ४२ हे दोन बिट आलटून पालटून पडताना दिसले तरी तार एकच असते.

एकाच ऑफसेटवर तोच बिट परत परत पडतो, बाकी सगळं स्वच्छ, तर एखादा सेल मेलाय. पट्टी बदला.

बिटही वेगळे, जागाही वेगळ्या, एका ओळीत चार-चार बिट पडलेले, तर पट्टी बहुधा निर्दोष आहे. वेग किंवा टायमिंग झेपत नाहीये, व्होल्टेज कमी पडतंय, किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर दमलाय. अशा वेळी नवीन रॅम विकत आणणारे पैसे घालवतात.

ऑफसेटबद्दल एक सावधगिरी. मेमटेस्टर जो ऑफसेट छापतो तो त्याला मिळालेल्या तुकड्यातला असतो, रॅमचा भौतिक पत्ता नव्हे. पुढच्या वेळी चालवलं की तीच खराब जागा वेगळ्या ऑफसेटवर दिसेल. ऑफसेटची तुलना एकाच रनमधल्या फेऱ्यांपुरती करा.

स्ट्रेसॲपटेस्ट

मेमटेस्टर शांतपणे एकेक नमुना लिहून वाचतो. जिथे दोष फक्त गडबडीत दिसतो तिथे गुगलने खुलं केलेलं स्ट्रेसॲपटेस्ट जास्त उपयोगी. हे अनेक थ्रेडवर मोठे तुकडे इकडून तिकडे हलवत राहतं. लहान एस पुढे सेकंद, मोठा एम पुढे एमबी: 'सुडो स्ट्रेसॲपटेस्ट -एस ३६०० -एम ११००० -डब्ल्यू'. इथला डब्ल्यू मोठा, तो प्रोसेसरवर जास्त ताण देणारी कॉपी वापरतो. सेकंद दिले नाहीत तर चाचणी अवघी २० सेकंद चालते आणि 'पास' म्हणून मोकळी होते. त्या पासला काही अर्थ नाही.

याच्या चुकीच्या ओळीत तीन मूल्यं असतात: रीड, रीरीड आणि एक्सपेक्टेड. चूक दिसली की तीच जागा ते लगेच पुन्हा वाचतं. रीरीड बरोबर आलं तर रॅममधला डेटा ठीक होता, वाचताना वाटेत बिघडला. म्हणजे संशय तारा, टायमिंग, व्होल्टेज, कंट्रोलर यांवर. रीरीडही तितकंच चुकीचं आलं तर चुकीचा डेटा रॅममध्येच बसलाय: सेल खराब, किंवा लिहितानाच गोंधळ. हा एक फरक समजला की पुढचा अर्धा शोध वाचतो.

विंडोजवर

एमडीशेड, म्हणजे विंडोज मेमरी डायग्नोस्टिक, चालू सिस्टिममध्ये तपासत नाही, रीस्टार्ट करूनच तपासतं. त्याची स्टँडर्ड चाचणी बरीच सौम्य आहे. चालवायचीच तर सुरू झाल्यावर एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडा. निकाल नंतर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये मेमरी डायग्नोस्टिक्स रिझल्ट्स या नावाखाली मिळतो, पॉपअपची वाट बघत बसू नका.

चालू विंडोजमध्ये दोन-तीन साधनं कामाची. एचसीआय मेमटेस्टच्या फुकट आवृत्तीत एक प्रत साधारण दोन जीबीच घेते, म्हणून अनेक प्रती उघडायच्या, मोकळ्या रॅमच्या ८५ ते ९० टक्के भरेपर्यंत. टेस्टमेम५ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर ते रॅम लॉक करू शकत नाही. प्राइम९५ हे रॅमचं साधन म्हणून बनलेलं नाही, पण फरक ओळखायला झकास आहे. त्यातलं स्मॉल एफएफटी (एक चाचणी) प्रोसेसरच्या कॅशमध्येच मावतं. तेच पडत असेल तर रॅमला सोडा, प्रोसेसर आणि त्याचं व्होल्टेज बघा. स्मॉल चालतं पण लार्ज पडतं, तर रॅम किंवा कंट्रोलर.

हा फरक विशेषतः इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या मोठ्या डेस्कटॉप प्रोसेसरवर आधी बघावा. त्यांतल्या व्होल्टेजच्या दोषामुळे कोसळणारे गेम आणि अर्धवट उघडणारे आर्काइव्ह हुबेहूब रॅम बिघडल्यासारखे दिसतात. इंटेलने २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटीही वाढवली. बायोस अपडेट न करता अशा मशीनवर रॅम बदलत बसणं व्यर्थ. मात्र आधीच झिजलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

ईसीसी असेल तर

सर्व्हरवर ईसीसी (स्वतःच्या चुका सुधारणारी) रॅम असेल तर मेमटेस्टर स्वच्छ निकाल देईल, कारण एकेरी बिटाची चूक हार्डवेअर वाटेतच सुधारतं. तिथे मोजणी बघायची. रासडीमन (अशा चुकांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) इन्स्टॉल करून सेवा चालू ठेवा, मग 'रास-एमसी-सीटीएल' ला एरर काउंट विचारा. सुधारलेल्या चुका 'सीई' आणि न सुधारता आलेल्या 'यूई' या नावाने येतात. यूई एकही आली तर पट्टी काढा. सीई तुरळक आल्या तर लक्ष ठेवा, एकाच पट्टीवर रोज वाढत असतील तर बदला. स्ट्रेसॲपटेस्टसुद्धा पास म्हणताना सुधारलेल्या चुका नाहीत ना ते बघा असं सुचवतं, ते याचसाठी.

हे दुर्मिळ नाही. गुगलच्या सर्व्हरांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षाला आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांवर सुधारता येण्याजोग्या चुका दिसल्या होत्या. त्याच अभ्यासात तापमानाचा परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला. घरच्या मशीनवर वेग वाढवलेल्या आणि ग्राफिक्स कार्डाच्या गरम हवेत बसलेल्या पट्ट्यांची गोष्ट निराळी, त्यांना आधीच मोकळीक कमी असते.

डीडीआर५ च्या जाहिरातीतलं ऑन-डाय ईसीसी म्हणजे हे ईसीसी नव्हे. ते चिपच्या पोटातल्या चुका सुधारतं, तारांवरच्या नाही, आणि ऑपरेटिंग सिस्टिमला काही कळवतही नाही.

चूक सापडली, आता

एक: बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करून तीच चाचणी पुन्हा. स्वच्छ गेली तर पट्टी बहुधा बिघडलेली नाही, तो वेग या बोर्ड-प्रोसेसरच्या जोडीला झेपत नाही. डीडीआर४ ची ३६००ची पट्टी ३२०० वर चालवा आणि कामाला लागा, रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. चार पट्ट्या असतील तर हे हमखास होतं, कंट्रोलरवर दुप्पट भार असतो. डीडीआर५ वर वेग बदलल्यानंतर पहिल्या बूटला काही मिनिटं काळा पडदा राहतो. ते मेमरी ट्रेनिंग आहे, घाबरून बटण दाबू नका.

दोन: तरीही चूक येत असेल तर मशीन बंद, एसएमपीएसची वायर काढा, पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलेला चार्ज घालवा, पट्ट्या काढा. आपल्याकडे लगेच खोडरबर बाहेर येतो. त्याने काम होतं हे खरं, विशेषतः कोकणपट्टीत आणि गोव्यात पावसाळ्यानंतर. पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, रबर तो घासून नेतो आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घ्या, पायांच्या दिशेने पुसा, वाळू द्या. स्लॉटमध्ये हवेचा झोत मारा, टोकदार काही घालू नका. बसवताना दोन्ही बाजूंनी सारखा दाब, कट आवाज येईपर्यंत.

तीन: एकच पट्टी, बोर्डच्या माहितीपुस्तकात पहिली सांगितलेल्या स्लॉटमध्ये. बहुतेक चार स्लॉटांच्या बोर्डवर तो प्रोसेसरपासून दुसरा असतो, ए२. चाचणी. मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी पट्टी. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. स्लॉटबरोबर राहिली तर स्लॉट, सॉकेटच्या वाकलेल्या पिना किंवा एका बाजूने जास्त आवळलेला कूलर. दोन्ही पट्ट्या एकट्या चालतात आणि जोडीने पडतात, तर वेग-व्होल्टेजकडे परत जा. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, वेगळ्या चिपांच्या दोन पट्ट्या अशा वागतात.

वॉरंटीवर पाठवताना बिल आणि पट्टीवरचं स्टिकर शाबूत ठेवा. किट म्हणून घेतलेल्या दोन पट्ट्या बऱ्याचदा दोन्ही परत मागतात, तेवढे दिवस मशीन कशावर चालवायचं ते आधी ठरवा.

पट्टी बदलता येत नसेल तर

रॅम बोर्डवरच सोल्डर केलेल्या लॅपटॉपमध्ये एकदोन सेल मेले असतील तर ती जागा वगळून काम चालवता येतं. त्यासाठी भौतिक पत्ता हवा, आणि इथे मेमटेस्ट८६प्लस बूट करण्याला पर्याय नाही. ६.०० पासूनच्या आवृत्त्या यूईएफआयवर (नव्या प्रकारच्या बायोसवर) चालतात. सिक्युअर बूट अडवत असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. मिळालेला पत्ता लिनक्सवर ग्रबच्या (लिनक्स बूट करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) बॅडरॅम सेटिंगमध्ये किंवा कर्नलच्या मेममॅप पर्यायात द्यायचा. मेममॅपमधल्या डॉलरच्या खुणेला ग्रबमध्ये एस्केप करावं लागतं, नाहीतर ती गायब होते आणि सेटिंग लागू होतच नाही. विंडोजवर बीसीडीएडिटमधल्या बॅड मेमरी यादीत पान क्रमांक द्यायचा, म्हणजे पत्ता भागिले ४०९६. विंडोजवर बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवूनच बायोस आणि बूटच्या सेटिंगला हात लावा.

चालू सर्व्हरवर रीस्टार्ट न करता एखादं पान बाजूला काढायची सोयही कर्नलमध्ये आहे: सिस, डिव्हायसेस, सिस्टिम, मेमरी या वाटेवरच्या सॉफ्ट ऑफलाइन पेज फाइलमध्ये भौतिक पत्ता लिहायचा. पानावरचा मजकूर कर्नल दुसरीकडे हलवतो आणि ते पान वापरातून काढतो. प्रॉक या वाटेवरच्या मेमइन्फो फाइलमधला हार्डवेअर करप्टेड हा आकडा ४ केबीने वाढला की काम झालं. रीस्टार्टनंतर ही नोंद राहत नाही. आणि खराब जागा आठवड्यागणिक वाढत असतील तर हे उपाय सोडून बोर्ड दुरुस्तीला द्या.

दोष गेल्यावर नवी रॅम घालून त्याच साधनांनी, तितकाच वेळ चाचणी पुन्हा करा. मग मागचं तपासा. विंडोजवर आधी डिझमचं रिस्टोअर हेल्थ, त्यानंतर एसएफसी स्कॅननाऊ. डेबियन-उबुंटूवर डेबसम्स, फेडोरावर आरपीएमचं व्हेरिफाय. एफएसचेक चालवायची वेळ आता. दोष असताना कॉपी केलेले फोटो, टॅलीचे बॅकअप, झिप, व्हर्च्युअल मशीनच्या प्रतिमा मूळ स्रोताशी बेरीज लावून ताडून बघा. ज्यांचा मूळ स्रोत उरलेला नाही त्या उघडून बघण्याला पर्याय नाही, आणि त्या काळातले बॅकअप जुन्या बॅकअपच्या जागी टाकू नका.